मुख्य निवडणूक अधिकारी नेमके कशाचे मुख्य असतात?

उंबरठा

हा धागा काढण्याचे निमित्त घरगुती आहे, परंतु प्रश्न घरापुरता नाही. माझ्या सासऱ्यांनी २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेसाठी मतदान केले होते. आता आमच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीसाठी प्रभागनिहाय प्रारूप यादी लागली, तेव्हा तिच्यात सासूबाईंचे नाव आहे, माझ्या मेहुण्याचे आहे, सासऱ्यांचे मात्र नाही. एकतीस वर्षे ते त्याच घरात राहत आहेत.

नगरपरिषदेत हरकत घेतली तेव्हा असे सांगण्यात आले की ही यादी विधानसभेच्या यादीवरून घेतलेली असून त्या यादीत जे नाव नाही ते आम्हाला घालता येत नाही. मग मी मंत्रालयातील मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयाला अर्ज पाठवला. तो अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाकडे ‘उचित कार्यवाहीस्तव’ गेला, तेथून तहसील कार्यालयात आला, आणि तहसील कार्यालयाने मला नमुना ६ भरून नव्याने नाव नोंदवण्याचा सल्ला दिला. नव्याने नोंदवलेले नाव या निवडणुकीत चालेल का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की चालणार नाही, कारण या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजीची यादी ग्राह्य धरली आहे.

माझा रोष कोणा एका कर्मचाऱ्यावर नाही. मला एवढेच समजून घ्यायचे आहे की ज्या पदाच्या नावात ‘मुख्य’ आहे, त्या पदावरील व्यक्तीच्या हातात प्रत्यक्षात काय असते. राज्याची मतदार यादी त्यांच्या देखरेखीखाली तयार होते, असे आपण ऐकतो. मग एका चुकीने वगळलेल्या नावाचे उत्तर त्यांच्याकडे का नसावे? ज्यांनी या यंत्रणेत काम केले आहे किंवा तिचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रांत_कचेरी

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो असून त्यातली बरीच वर्षे निवडणूक शाखेत गेली. आपल्याला जो अनुभव आला तो मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूने परिचित आहे, आणि आपला अर्ज ज्या वाटेने खाली उतरला त्या वाटेवर मी स्वतः अनेक अर्ज उतरवले आहेत, हे आधीच कबूल करतो.

प्रथम पदाची घडण पाहू. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मधील कलम १३अ नुसार प्रत्येक राज्यासाठी एक मुख्य निवडणूक अधिकारी असतो. तो राज्य शासनाचाच अधिकारी असतो, परंतु त्याला निवडते भारत निवडणूक आयोग, शासनाशी विचारविनिमय करून. प्रत्यक्षात शासन काही नावांची यादी पाठवते आणि आयोग त्यातून एक नाव निवडतो किंवा दुसरी यादी मागवतो. आपल्याकडे हे पद भारतीय प्रशासन सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते आणि कार्यालय मंत्रालयातच असते. याच अधिनियमातील कलम १३सीसी असे सांगते की मतदार यादी तयार करणे व निवडणुका घेणे या कामांवर असलेले सर्व अधिकारी त्या काळापुरते आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाईल आणि ते आयोगाच्या नियंत्रणाखाली, देखरेखीखाली व शिस्तीखाली असतील. पगार शासनाचा, आदेश आयोगाचा, अशी ही रचना आहे.

त्यांच्या खाली जिल्हाधिकारी हे जिल्हा निवडणूक अधिकारी असतात. प्रत्येक विधानसभा मतदारसंघासाठी एक मतदार नोंदणी अधिकारी असतो. ग्रामीण भागात बहुधा प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी. त्यांना साहाय्य करणारे तहसीलदार, आणि अगदी शेवटी मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपला बीएलओ. आता जो मुद्दा लोकांच्या लक्षात येत नाही तो असा की यादीत नाव घालण्याचा किंवा काढण्याचा मूळ निर्णय कायद्याने मतदार नोंदणी अधिकाऱ्याला दिलेला आहे. मुख्य निवडणूक अधिकारी मंत्रालयात बसून आपल्या सासऱ्यांचे नाव एका फटक्यात परत घालू शकत नाहीत, आणि कोणाच्या सांगण्यावरून काढूही शकत नाहीत. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

मग ते करतात काय? ते संपूर्ण राज्याच्या कामाला एक माप लावतात. मतदार यादीच्या पुनरीक्षणाचे वेळापत्रक, मतदान केंद्रांचे सुसूत्रीकरण, मतदान यंत्रांची प्रथमस्तरीय तपासणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, राजकीय पक्षांच्या बैठका, आचारसंहितेच्या तक्रारी, आयोगाला रोज जाणारे अहवाल. विधानसभेच्या वेळी राज्यात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, त्यांतील प्रत्येक केंद्रावर यंत्र, शाई, कर्मचारी आणि उतरती रॅम्प वेळेत पोहोचली की नाही याचा जाब शेवटी त्या एका खुर्चीला द्यावा लागतो.

वकिली_टिपण

प्रांत_कचेरी यांनी लिहिलेले बरोबर आहे, मात्र त्यातून असा समज होऊ नये की मुख्य निवडणूक अधिकारी केवळ व्यवस्थापक आहेत. कायद्याने त्यांना एक न्यायिक स्वरूपाची भूमिकाही दिलेली आहे आणि ती जवळजवळ विस्मृतीत गेली आहे.

१९५० च्या अधिनियमातील कलम २४ पाहावे. मतदार नोंदणी अधिकाऱ्याने नाव घालण्याबाबत किंवा वगळण्याबाबत दिलेल्या आदेशाविरुद्ध पहिले अपील जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे होते आणि त्यांच्या निर्णयाविरुद्ध दुसरे अपील थेट मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पहिल्यासाठी पंधरा दिवसांची मुदत आहे, दुसऱ्यासाठी तीस दिवसांची. म्हणजे उंबरठा यांचा अर्ज वरून खाली पाठवला गेला, हे कार्यालयाच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. अर्जाच्या वाटेने त्या दालनात प्रवेश नाही, अपिलाच्या वाटेने आहे. वाट खालून वर जाते.

याच अधिनियमातील कलम २२ नुसार एखादी व्यक्ती आता तेथे सामान्यतः राहत नाही या कारणावरून नाव वगळायचे असेल तर तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावी लागते. मृत्यूचे कारण असेल तर अर्थातच ते लागू नाही. तेव्हा माझा पहिला प्रश्न असा की आपल्या सासऱ्यांना नोटीस आली होती का? आणि दुसरा, नाव वगळल्याच्या आदेशाची प्रत आपण मागितली का? ‘नाव गेले’ असे आपण म्हणतो, जणू ते वाऱ्याने उडून गेले. प्रत्येक वगळलेल्या नावामागे कोणाची तरी सही असलेला एक आदेश असतो, निदान असायला हवा.

खडूफळा

मी प्राथमिक शिक्षिका आहे आणि गेली सात वर्षे बीएलओचे काम करते आहे, त्यामुळे ज्या सहीबद्दल वर लिहिले गेले तिच्या अगोदरची एक सही माझी असते.

‘स्थलांतरित’ हा शेरा कसा पडतो ते सांगते. शाळा सुटल्यावर मी घरोघरी जाते. दार बंद असते. शेजारी म्हणतात, ‘आजोबा मुलाकडे असतात हल्ली.’ हल्ली म्हणजे पंधरा दिवस, की दोन वर्षे, हे त्यांनाही ठाऊक नसते. नियमाप्रमाणे मी पुन्हा जायला हवे आणि मी जातेही, परंतु माझ्या भागात हजाराच्या वर मतदार आहेत, शिवाय चौथीचा वर्ग आहे. मी नोंद करते, पर्यवेक्षक ती तपासतात, तहसीलमध्ये ती संगणकात जाते, नोटीस टपालाने किंवा माझ्याच हाती निघते, आणि बंद दाराला चिकटवलेली नोटीस वाचायला आजोबा नसतात. यात कोणी लबाडी केली असे म्हणता येत नाही, पण आजोबांचे नाव मात्र गेलेले असते.

याच्या उलट बाजूही आहे. मृत व्यक्तींची नावे काढायला घरचेच लोक नमुना ७ भरून देत नाहीत. भावना असते, कधी आळस असतो, कधी ‘राहू द्या ना ताई, तुमचे काय जाते’ असे उत्तर असते. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे माहेरी आणि सासरी दोन्हीकडे असतात. मग वरून प्रश्न येतो की यादी शुद्ध का नाही. एकच फोटो किंवा एकच तपशील दोनदा आढळलेल्या नोंदींची यादी संगणक काढून देतो, आम्ही ती घेऊन पुन्हा दारोदार फिरतो. समान नावाचे, समान वयाचे, वडिलांचेही नाव समान असलेले दोन वेगळे गृहस्थ माझ्या एकाच भागात राहतात. त्यांना मी दर वर्षी भेटते आणि ते दर वर्षी माझ्यावर रागावतात.

मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांना मी एकदाच पाहिले, प्रशिक्षणात, दूरदृश्य प्रणालीच्या पडद्यावर.

उंबरठा

खडूफळा ताई, आपले वाचून माझा सूर थोडा खाली आला. सासरे मागच्या उन्हाळ्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन महिने आमच्याकडे होते, आणि सासूबाईही सोबत होत्या. घर बंद होते. तरीही त्यांचे नाव राहिले आणि यांचे गेले, याचा अर्थ लागत नाही. आदेशाची प्रत मागण्याचा अर्ज उद्या देतो.

सातासमुद्रापार

मी बरीच वर्षे अमेरिकेत राहतो. तेथे याच पदाचे रूप इतके वेगळे आहे की तुलना केल्याने आपल्या पदाची मर्यादा आणि गुण दोन्ही दिसतात, म्हणून थोडे विषयाला धरूनच लिहितो.

अमेरिकेत देशपातळीवर आपल्या निवडणूक आयोगासारखी निवडणुका घेणारी संस्थाच नाही. निवडणुका राज्ये घेतात, आणि १९९३ च्या मतदार नोंदणीविषयक केंद्रीय कायद्याने प्रत्येक राज्याने आपला मुख्य निवडणूक अधिकारी कोण ते ठरवले पाहिजे असे बंधन घातले. बहुतेक राज्यांत हे काम ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या पदाकडे असते. त्याचा परराष्ट्र खात्याशी संबंध नाही, नाव तेवढे सारखे. अनेक राज्यांत हा अधिकारी स्वतःच पक्षाच्या चिन्हावर निवडून येतो. युटा आणि अलास्का येथे हे काम उपराज्यपालांकडे आहे, तर न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी दोन्ही पक्षांच्या सदस्यांचे मंडळ आहे.

पक्षाच्या माणसाने पंच व्हायचे, ही कल्पना आपल्याला विचित्र वाटेल आणि तिचे परिणामही तसे झाले आहेत. २००० साली फ्लोरिडामध्ये अध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांवर अडकला होता. तो प्रमाणित करणाऱ्या कॅथरीन हॅरिस या त्याच राज्यात बुश यांच्या प्रचारसमितीच्या सहअध्यक्ष होत्या. पुढे फ्लोरिडात हे पद निवडणुकीऐवजी राज्यपालांच्या नियुक्तीने भरले जाऊ लागले. तो बदल मतदारांनी १९९८ मध्येच मंजूर केला होता, अमलात मात्र २००३ मध्ये आला. २०१८ मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प हे मुख्य निवडणूक अधिकारी असतानाच राज्यपालपदाचे उमेदवारही होते, आणि मतदान होईपर्यंत त्यांनी पद सोडले नव्हते.

पण त्याच जॉर्जियात २ जानेवारी २०२१ रोजी तत्कालीन अध्यक्ष ट्रम्प यांनी केम्प यांच्यानंतर निवडून आलेले अधिकारी ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधायची आहेत असे सांगितले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या या गृहस्थांनी नकार दिला. बायडन यांची आघाडी ११,७७९ मतांची होती. पुढे २०२२ मध्ये रॅफेन्सपर्गर पक्षांतर्गत निवडणूक आणि मुख्य निवडणूक दोन्ही जिंकले. तेथे त्या अधिकाऱ्याला आपल्या निर्णयासाठी मतदारांसमोर उभे राहावे लागते. आपल्याकडे त्याची बदली होते.

आडवा_प्रश्न

‘आपल्याकडे त्याची बदली होते’ या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. मुख्य निवडणूक अधिकारी आज आयोगाच्या शिस्तीखाली असतील, पण दोन किंवा चार वर्षांनी ते त्याच शासनात परत जाणार आहेत, ज्याच्या मंत्र्यांविरुद्धच्या आचारसंहितेच्या तक्रारी त्यांनी दिल्लीला पाठवल्या. पुढची नेमणूक, पुढचे खाते, सेवाविषयक अहवाल, सारे तेथेच. अशा स्थितीत प्रतिनियुक्ती ‘मानली जाईल’ हे शब्द किती वजन पेलतात?

सर्वोच्च न्यायालयाने १२ मार्च २०२१ रोजी गोव्याच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की राज्य शासनाच्या सेवेत असलेल्या व्यक्तीला राज्य निवडणूक आयुक्तपदाचा, म्हणजे ग्रामपंचायत-महानगरपालिकांच्या निवडणुका घेणाऱ्या पदाचा, अतिरिक्त कार्यभार देता येणार नाही. तेथे विधी सचिवांकडेच ते पद सोपवले होते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी जर एवढे स्वातंत्र्य आवश्यक असेल, तर विधानसभेच्या निवडणुकीची राज्यातील सूत्रे मात्र सेवेतील अधिकाऱ्याकडे, हे कसे?

प्रांत_कचेरी

आडवा_प्रश्न यांचा आक्षेप जुना आहे आणि त्याच्यावर दिल्लीत मोठी लढाई होऊन गेली आहे, म्हणून तिची आठवण करून देतो. टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, १९९३ मध्ये, नेमका हाच वाद पेटला होता की निवडणुकीच्या कामावरील कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई कोणी करायची, आयोगाने की शासनाने. शेषन यांनी हा प्रश्न सुटेपर्यंत निवडणुका थांबवण्याची भूमिका घेतली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ते मिटायला सप्टेंबर २००० उजाडले. तडजोड अशी झाली की आयोग कर्मचाऱ्याला निलंबित करू शकतो, त्याच्या जागी दुसरा देऊ शकतो, त्याला मूळ खात्यात परत पाठवू शकतो आणि शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस करू शकतो. ती शिफारस शासनाने सहा महिन्यांच्या आत निकाली काढून आयोगाला कळवायची. बडतर्फी मात्र आयोगाच्या हाती नाही.

आम्हा खालच्या लोकांना या तडजोडीचा अर्थ व्यवहारात असा दिसला की आचारसंहिता लागली की कचेरीतली हवा बदलते. एरवी ज्या दूरध्वनीला उभे राहून उत्तर द्यावे लागे, त्याला ‘साहेब, आयोगाला कळवावे लागेल’ असे एक वाक्य पुरत असे. हे वाक्य उच्चारण्याचे बळ मुख्य निवडणूक अधिकारी कोण आहेत यावर बरेच अवलंबून असे. काही साहेब आमच्या पाठीशी लेखी उभे राहिले, काही फक्त तोंडी राहिले. नावे घेत नाही.

आचारसंहिता उठली की ते वाक्य संपते. आणि मतदार यादीचे काम तर आचारसंहिता नसतानाच, वर्षभर चालते.

वकिली_टिपण

आडवा_प्रश्न यांनी दोन पदांची तुलना केली आहे, तेव्हा ती पुरती करू. वाचकांचा मोठा गोंधळ येथेच होतो.

मुख्य निवडणूक अधिकारी हे भारत निवडणूक आयोगाचे राज्यातील हात आहेत. लोकसभा, विधानसभा, विधान परिषद आणि मतदार यादी त्यांच्याकडे. राज्य निवडणूक आयुक्त हे वेगळे घटनात्मक पद आहे, जे ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद २४३के आणि २४३झेडए नुसार आले. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका त्यांच्याकडे. त्यांना राज्यपाल नेमतात आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ज्या पद्धतीने दूर करता येते, त्याच पद्धतीने त्यांना दूर करता येते. आंध्र प्रदेशात २०२० मध्ये अध्यादेश काढून मुदत कमी करत आयुक्तांना घरी बसवण्याचा प्रयत्न झाला तो उच्च न्यायालयाने रद्द केला. कागदावर पाहिले तर हे पद मुख्य निवडणूक अधिकाऱ्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

पण त्या भक्कम खुर्चीखाली स्वतःची जमीन किती, ते पाहा. कर्मचारी शासनाचे, मागणी केल्यावर राज्यपालांनी ते द्यायचे. मतदार यादी भारत निवडणूक आयोगाची. प्रभागरचनेचा अधिकारही मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा करून राज्य निवडणूक आयोगाकडून शासनाकडे घेतला. मुंबईत प्रभाग २२७ होते, ते २३६ करण्याचे ठरले, पुढे सरकार बदलल्यावर पुन्हा २२७ झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, न्यायालयीन स्थगिती यांत वर्षे गेली. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासक आले. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच, अहमदाबादच्या प्रकरणात, मुदत संपण्याआधी निवडणूक घेणे हे आयोगाचे कर्तव्य असल्याचे म्हटले होते. शेवटी ६ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या असे सांगावे लागले, आणि नंतर ती मुदत ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

म्हणून माझे मत आडवा_प्रश्न यांच्याहून थोडे वेगळे आहे. पदच्युतीपासूनचे संरक्षण हे स्वातंत्र्याचे एक अंग आहे, पण ज्याच्याकडे यादी नाही, माणसे नाहीत आणि नकाशा नाही, त्याला तुम्ही न्यायाधीशाइतके संरक्षण देऊनही तो वेळेवर निवडणूक घेऊ शकत नाही.

खडूफळा

यादी एकाची आणि निवडणूक दुसऱ्याची, याचा त्रास आम्हाला २०२५ मध्ये चांगलाच झाला. ऑक्टोबरमध्ये विरोधी पक्षांचे नेते मुख्य निवडणूक अधिकारी आणि राज्य निवडणूक आयुक्त या दोघांनाही भेटले, दुबार नावांची तक्रार दोन्हीकडे झाली. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारका छापायचे ठरवले. अशा मतदाराने कोणत्या केंद्रावर मतदान करणार ते सांगायचे, आणि न सांगितल्यास केंद्रावर त्याच्याकडून हमीपत्र घ्यायचे.

मला हा उपाय एका अर्थी प्रामाणिक वाटतो. ज्यांना नाव काढण्याचा अधिकार नाही, त्यांनी निदान पेन्सिलीने खूण केली. पण वर सांगितलेले माझे दोन समाननामे गृहस्थ आता दोघेही तारांकित झाले आहेत, आणि मी चोर आहे का, असा प्रश्न त्यांतील थोरले मला रस्त्यात थांबवून विचारतात.

आडवा_प्रश्न

दोन ठिकाणी नाव असणे हा स्वतःच गुन्हा आहे का, हे कोणी सांगेल का? चर्चेत हे फार सैलपणे म्हटले जाते.

वकिली_टिपण

१९५० च्या अधिनियमातील कलम १७ आणि १८ दुबार नोंदणीला मनाई करतात. शिक्षा आहे ती कलम ३१ खाली, खोटे निवेदन केल्याबद्दल, एक वर्षापर्यंतच्या कारावासाची. म्हणजे नमुना ६ भरताना ‘माझे नाव अन्यत्र नाही’ असे जाणूनबुजून खोटे लिहिले असेल तर. जुन्या ठिकाणचे नाव यंत्रणेने काढले नाही, एवढ्यावरून मतदार गुन्हेगार ठरत नाही. दोनदा मतदान केले तर गोष्ट वेगळी. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम ६२ नुसार एकाच मतदारसंघात दोनदा दिलेली सगळीच मते रद्द ठरतात. यादी करणाऱ्या अधिकाऱ्याने कर्तव्यात कसूर केल्यास १९५० च्या अधिनियमातील कलम ३२ आहे, किमान तीन महिने आणि कमाल दोन वर्षांच्या कारावासाचे. त्यासाठी तक्रार आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशानेच दाखल व्हावी लागते. म्हणजे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या हातात हेही एक शस्त्र आहे, आणि तेही म्यानातच असते.

उंबरठा

आदेशाची प्रत मिळाली. तिला तेवीस दिवस लागले.

सासऱ्यांच्या नावाविरुद्ध नमुना ७ दाखल झाला होता. कारण ‘स्थलांतरित’. हरकत घेणाऱ्याचे नाव आणि मतदार क्रमांक आहे. त्याच यादी भागातील एक गृहस्थ आहेत, आमच्या ओळखीचे नाहीत. नोटीस ‘घर बंद असल्याने दारावर लावली’ असा शेरा आहे. सुनावणीला कोणी हजर नाही म्हणून अर्ज मंजूर. एका पानाचा आदेश आहे, छापील मजकुरात दोन ओळी हाताने भरलेल्या. सासूबाईंविरुद्ध असा अर्ज आला नाही, म्हणून त्यांचे नाव राहिले, एवढाच त्या कोड्याचा उलगडा.

तहसील कार्यालयातील लिपिकांनी पुन्हा सौजन्याने सांगितले की नमुना ६ भरा, महिन्याभरात नाव येईल, अपिलाच्या भानगडीत पडू नका.

प्रांत_कचेरी

मीही लोकांना हेच सांगत असे. व्यवहाराच्या दृष्टीने तो सल्ला खोटा नाही. परंतु या धाग्यामुळे प्रथमच माझ्या लक्षात आले की त्या सल्ल्याचा एक परिणाम आम्ही कधी मोजला नाही. नमुना ६ भरला की माणूस नवा मतदार म्हणून येतो आणि जुना आदेश चुकीचा होता ही गोष्ट कोठेच नोंदली जात नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील गेले नाही, त्यामुळे मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरे अपील जाण्याचा प्रश्नच नाही. माझ्या संपूर्ण सेवेत आमच्या तालुक्यातून मंत्रालयापर्यंत गेलेले एकही दुसरे अपील मला आठवत नाही. वरच्या खुर्चीला आमच्या पुनरीक्षणाचे आकडे दर आठवड्याला जात होते. इतकी नावे वाढली, इतकी कमी झाली. कमी झालेल्यांपैकी किती चुकीने कमी झाली, हा रकाना त्या तक्त्यात नव्हता, आणि तो भरण्याचे जे एकमेव साधन कायद्याने दिले होते ते आम्हीच लोकांना वापरू नका म्हणत होतो.

वकिली_टिपण

उंबरठा, माझा सल्ला असा की दोन्ही करावे, पण क्रम पाळावा. अपील आधी, कारण नव्याने नाव आले की आता तक्रार काय उरली, असे विचारले जाऊ शकते. मुदत आदेशाच्या तारखेपासून उलटून गेलेली आहे, म्हणून विलंब माफीचा अर्ज जोडा आणि आदेशाची प्रत आपल्याला केव्हा मिळाली ते तारखेसह लिहा. शस्त्रक्रियेची कागदपत्रे लावा, म्हणजे घर का बंद होते ते दिसेल. यातून नगरपरिषदेचे मत परत मिळणार नाही, हे सासऱ्यांना स्पष्ट सांगावे. पहिले अपील ज्यांच्याकडे जाते ते जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हा निवडणूक अधिकारी, त्याच यंत्रणेचे प्रमुख, ही अडचणही आहेच. म्हणून तर दुसरे अपील ठेवलेले आहे.

उंबरठा

आज अपील दाखल केले. सासऱ्यांनी स्वतः सही केली आणि काठी घेऊन कचेरीत स्वतः आले. आवक खिडकीवरील गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला, आत जाऊन कोणाला तरी विचारून आले आणि म्हणाले की असा अर्ज कोणत्या नोंदवहीत घ्यायचा ते त्यांना पाहावे लागेल. पाऊण तास आम्ही बाकावर बसलो होतो. शेवटी एक कोरी वही उघडण्यात आली, तिच्यावर ‘मतदार यादी अपील’ असे लिहिले गेले आणि आम्हाला पोच मिळाली. तिच्यावरचा क्रमांक १ आहे.

खडूफळा

त्या यादी भागाचा क्रमांक मला कळवाल का? माझा नसावा, पण एकदा पाहून घेते.